नोंद न केलेली पुंगळी

ती घटना आठवायला मला जुनी कागदपत्रं काढावी लागत नाहीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, नोकरीतली निम्मी प्रकरणं एकमेकांत मिसळून गेली, पण त्या दुष्काळातलं हे प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यातल्या कुणाचंही नाव मी इथे घेणार नाही. काही माणसं गेली आहेत, आणि जी आहेत त्यांना शांतपणे जगू द्यावं.

बीडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. विहिरी तळाला लागल्या होत्या, गुरं छावणीत होती. आमचं अर्धं काम पाण्याचं झालं होतं. टँकर आला की भांडण, आला नाही की मोर्चा, विहिरीवर दोर कापला म्हणून फिर्याद. जवळच्या सहकारी साखर कारखान्याला गाळायला ऊस नव्हता. संचालक मंडळाने एक शहाणपणाचं काम केलं. उसाच्या ट्रकवर लोखंडी टाक्या बसवल्या आणि ते सहा टँकर गावांना दिले. पालीजवळ धरणाच्या पोटात एक मोठी विहीर खणली होती. तिथे टाक्या भरायच्या, घाट चढायचा आणि लिंबागणेशच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांना पाणी द्यायचं, असा दिवसभर राबता असे.

त्या सहा चालकांपैकी एक परप्रांतीय होता. उत्तरेकडच्या, सरहद्दीला लागून असलेल्या राज्यातला. तिशीचा, शांत, कामाला वाघ. लोक त्याला नुसतं ‘पाव्हणा’ म्हणत. बाकीचे चालक गावात शिरले की आधी पाटलाच्या आळीत टँकर लावायचे. बौद्ध वस्तीत पोचेपर्यंत टाकीत गाळ उरलेला असायचा. हा मात्र एक दिवस आधी इकडे, दुसऱ्या दिवशी आधी तिकडे, असा फिरायचा. त्यावरून एकदा आळीतल्या लोकांनी त्याला अडवलं, तर तो टँकरच्या पायरीवर बसून राहिला, पण क्रम बदलला नाही. वस्तीतल्या बाया त्याला भाकरी बांधून द्यायच्या. हे सगळं मला माहीत होतं आणि माझंही त्याच्याबद्दल मत चांगलं होतं.

त्याच्या राज्यात त्या काळात वेगळं राष्ट्र मागणारी एक सशस्त्र संघटना होती. निवडणुकीला उभं राहणाऱ्या, तडजोडीची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांना ती संघटना वेचून मारत होती. एक आमदार, एक पक्षाचा जिल्हाध्यक्ष, एक सरपंच. फरारी आरोपींची रेखाचित्रं देशभरच्या ठाण्यांना आली होती. आमच्याही फलकावर चार चेहरे डकवलेले होते. वर्षभर उन्हाने ते पिवळे पडले होते. टँकरच्या फेऱ्यांचा दाखला घ्यायला चालक ठाण्यात येत आणि त्याच फलकाखालच्या बाकावर बसत. आम्ही कुणी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. ते राज्य आम्हाला दुसऱ्या मुलखासारखं लांब वाटत होतं.

एका सकाळी एक म्हातारा मेंढपाळ ठाण्यात आला. धोतराच्या सोग्यातून त्याने काहीतरी सोडलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. पितळी पुंगळी होती, पिस्तुलाच्या गोळीची, रिकामी.

“साहेब, मेंढरं घेऊन घाटाखालच्या दऱ्यात गेलतो. तितं ह्ये घावलं,” तो म्हणाला. “आन त्याच्या आदल्या दिशी फटफट आवाज ऐकलाय म्या. चार येळा.”

“शिकारी असतील, बाबा. सशामागे येतात.”

“सशाला कोन ह्येनं मारतंय? आन साहेब, वर वळणाला...”

तेवढ्यात फोन वाजला. एका गावात टँकरवर दगडफेक झाली होती. मी उठलो, पट्टा आवळला. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आमचा शिपाई बसला होता. धारूरकडचा, चार वर्षांची नोकरी, बौद्ध शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. अक्षर मोत्यासारखं, म्हणून डायरी लिहायला मी त्यालाच बसवत असे. त्याने पेन उचललं आणि विचारलं, “साहेब, डायरीला घेऊ का?”

मी म्हणालो, “राहू दे. नंतर बघू.” पुंगळी ड्रॉवरमध्ये टाकली आणि जीपकडे निघालो. म्हातारा दाराशी उभाच होता. त्याचं अर्धं वाक्य तोंडात तसंच राहिलं होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यात खून झाला.

त्या उत्तरेकडच्या राज्यातलं एक शिष्टमंडळ आमच्याकडचे सहकारी कारखाने पाहायला आलं होतं. सोबत त्यांचे एक माजी मंत्री होते. साठी ओलांडलेले गृहस्थ, संघटनेविरुद्ध उघड बोलणारे. त्यांचे दोन सहकारी आधीच मारले गेले होते. आपल्या राज्याबाहेर तरी मोकळा श्वास घेता येईल असं त्यांना वाटलं असावं. दौऱ्याची कार्यक्रमपत्रिका महिनाभर आधीच साऱ्या कारखान्यांच्या फलकांवर लागली होती. बंदोबस्ताला मनुष्यबळ कमी पडलं म्हणून आमच्या ठाण्यातून चार माणसं मागवली गेली. ती यादी मी केली. त्यात डायरी लिहिणारा शिपाई होता.

खुनाच्या दिवशी सकाळी चहा घेऊन माजी मंत्री तिथल्या कारखान्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आले. कारखान्याच्या कामगारासारखे खाकी कपडे घातलेला एक माणूस हार घेऊन पुढे आला. शिपायाने त्याला पास विचारला. त्याने हाराखालून पिस्तूल काढलं. शिपायाकडे फक्त काठी होती. तो बाजूला झाला असता तर वाचला असता. तो मध्ये उभा राहिला. पहिली गोळी त्याला लागली, पुढच्या दोन माजी मंत्र्यांना. मारेकरी फाटकाबाहेर थांबलेल्या मोटारसायकलवर बसून निघून गेला. दोघंही जागीच गेले.

मी तिथे पोचलो तेव्हा पंचनामा सुरू होता. फरशीवर खडूच्या तीन वर्तुळांत तीन पुंगळ्या होत्या. मी वाकून त्यांच्या बुडावरची खूण पाहिली. तशीच खूण असलेली चौथी पुंगळी माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात परत आल्यावर मी जमादाराला सगळं सांगितलं. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी वडील, अनुभवी माणूस. त्याने दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाला, “साहेब, म्हाताऱ्याला बोलावतो. आजच आणून दिली असा जबाब घेऊ. कुणाचं काय जातंय?”

मी त्याला नाही म्हणालो नाही. हे मी आज लिहितो आहे, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

मेंढपाळ दुपारी आला. जमादाराने जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. ‘आज रोजी मी समक्ष ठाण्यात हजर होऊन...’ इथे म्हाताऱ्याने हात वर केला.

“आज न्हाई. बाजाराच्या दुसऱ्या दिशी आलतो मी.”

“अरे बाबा, तुला काय फरक पडतो?” जमादार म्हणाला.

“मला काय पडायचा? पर अंगठा माझा हाय न्हवं.”

त्याने शाईच्या डबीला बोट लावलं नाही. तो माझ्याकडे पाहतही नव्हता. समोरच्या कागदाकडे पाहत होता, जो त्याला वाचता येत नव्हता. मी तो कागद घेतला, फाडला आणि दुसरा जबाब स्वतः लिहायला बसलो. बाजाराचा दुसरा दिवस, पुंगळी ठेवली ती वेळ, आणि ‘सदर माहितीची नोंद ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी घेतली नाही’ हे वाक्यही लिहिलं. मग विचारलं, “त्या दिवशी तुम्ही वळणाचं काहीतरी सांगत होता.”

“सांगतच व्हतो. तुमीच उटलात.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “वर वळणाला पान्याचा टँकर हुबा व्हता. निळ्या टाकीचा. मानूस न्हाई त्यात. म्हनलं, भरला टँकर टाकून ह्यो गेला कुटं?”

निळ्या टाकीचे टँकर दोन होते. जमादार लगेच गावोगाव गेला. त्याने कुणाला खुनाबद्दल विचारलं नाही. फक्त पाणी वेळेवर येतं का, एवढंच विचारत फिरला. बौद्ध वस्तीतल्या एका बाईने सांगितलं, “रोज येतंय, भाऊ. दोन महिन्यांत एकच दिस आलं न्हाई.” तो दिवस खुनाचा होता. टँकर बिघडला म्हणून त्या दिवशी पाव्हण्याने तो कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लावून ठेवला होता, आणि स्वतः दिवसभर कुणाला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही त्याला पालीच्या विहिरीवर धरलं. टाकी भरत आली होती. आम्हाला पाहून त्याने आधी पंप बंद केला, मग हात पुढे केले. ठाण्यात आल्यावर मी पहिल्यांदा फलकावरचं ते पिवळं चित्र नीट पाहिलं. चित्रातली दाढी काढली की तोच चेहरा.

चौकशीत दोन दिवस त्याने काही दिलं नाही. माझा अनुभव असा आहे की जो आरोपी ओरडतो, शपथा घेतो, तो संध्याकाळपर्यंत बोलतो. जो जेवण मागून घेतो आणि सावकाश चावून खातो, त्याच्याशी खरं काम असतं. हा तसा होता. अंगाला हात लावून काही निघणार नाही हे मला पहिल्याच तासात कळलं, आणि माझ्या माणसांना मी तसं बजावलं. एकच प्रश्न त्याने मला उलट विचारला. “तो शिपाई कुठला होता?” तो हिंदीत बोलायचा. मी गाव सांगितलं, जात-घरदार सांगितलं, बाप शेतकरी आहे हेही सांगितलं. तो म्हणाला, “मी त्याला हाताने खूण केली होती, बाजूला हो म्हणून. त्याने व्हायला हवं होतं.” त्यापुढे शब्द नाही. ठाण्यात पोलिसांपुढे बोललेलं ते वाक्य कोर्टात उभं राहणारं नव्हतं. पिस्तूल सापडत नव्हतं. त्याची खोली, वर्कशॉप, टँकरची केबिन, सीटखाली, सगळं उलटंपालटं करून झालं होतं.

त्या दोन दिवसांत पाण्याने भरलेला टँकर ठाण्याच्या आवारात उभा होता. जप्त मुद्देमाल. तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बाया घागरी घेऊन ठाण्यावर आल्या. पुढे तीच बाई होती, जिने जमादाराला सांगितलं होतं.

“साहेब, ड्रायवर धरला ते धरला. पानी कावून धरलंय?”

मी तिला कायदा समजावू लागलो, आणि माझे मलाच ते शब्द पोकळ वाटले. वस्तीत तीन दिवस पाणी नव्हतं. मी जमादाराला दोन पंच बोलवायला सांगितलं. पंचांसमक्ष पाणी वाटायचं आणि तसा पंचनामा करायचा असं ठरवलं. एका शिपायाला म्हटलं, “वर चढ, झाकण काढ, बादलीने लवकर होईल.”

ती बाई सहज बोलून गेली, “झाकन कुटं उगडू देतंय ते. पोरं वर चडली तर वसकन अंगावर यायचं. समद्यांचे टँकर वरनं उपसत्यात, ह्याचं पानी आपलं नळीनंच.”

मी शिपायाला थांबवलं आणि कोठडीकडे गेलो. तो भाकरी खात होता. मी गजांबाहेर उभा राहून विचारलं, “टाकीचं झाकण कुणाला उघडू का देत नव्हतास?”

त्याचा हात तोंडाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. मग त्याने भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने अन्न टाकलं होतं.

आधी नळीने बायांच्या घागरी भरू दिल्या. पाणी तळाला गेल्यावर पंचांसमक्ष झाकण उघडलं. आतल्या शिडीच्या दुसऱ्या पायरीला तारेने ट्रकच्या चाकाच्या ट्यूबची एक पट्टी बांधलेली होती, दोन्ही तोंडं पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलेली. जमादाराने ती उन्हात धरून कापली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल आणि सात जिवंत काडतुसं होती.

 मग एका म्हातारीने आपली घागर जमिनीवर उपडी केली. तिच्यामागे आणखी दोघींनी केली. त्या उन्हाळ्यात जमिनीवर ओतलेलं पाणी मी तेवढंच पाहिलं. माती ते क्षणात प्यायली. पुढे उभी असलेली ती बाई मात्र आपली घागर घट्ट धरून होती.

“मावशे, सांडू नगंस,” ती म्हणाली. “आमच्या हातचं पानी बाटतं म्हनून लोकांनी लई सांडलं. आता आपन न्हाई सांडायचं. पानी काय जानतंय, कुनी आनलं ते?” मग माझ्याकडे वळून विचारलं, “साहेब, ह्यानं आमाला आदी पानी दिलं, ते खोटं व्हतं का?”

  पुढे त्याने सगळं सांगितलं, तेव्हा मीही त्याला हे विचारलं होतं. तो म्हणाला, “पाणी देणं आणि ते काम, दोन्ही मी मनापासूनच केली.” आपल्या राज्यात आधी मारलेल्या तीन पुढाऱ्यांची नावं त्याने अशी सांगितली, जशी एखादा चालक वाटेवरची गावं सांगतो. तो आमच्याकडे लपायला आला होता. कारखान्याच्या फलकावर कार्यक्रमपत्रिका दिसली, त्याने निरोप पाठवला, हुकूम आला. दरीत जाऊन त्याने पिस्तूल चालतं का ते पाहिलं, चार वेळा. तीन पुंगळ्या वेचल्या. चौथी दगडाच्या कपारीत गेली, ती त्याला मिळाली नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. चारही पुंगळ्या त्याच पिस्तुलाच्या होत्या. खटल्यात बचावाच्या वकिलाने सगळा जोर मेंढपाळावर लावला. पुंगळी पोलिसांनी नंतर पेरली, असं त्याचं म्हणणं. दीड तास त्याने तारखेवरून म्हाताऱ्याला घोळवलं. म्हातारा एकच सांगत राहिला, “तारीख मला न्हाई येत, वकीलसाहेब. बाजार येतो.” त्याच्या जबाबात माझ्याविरुद्ध जाणारं वाक्य होतं, म्हणूनच न्यायाधीशांनी तो खरा मानला. आरोपीला जन्मठेप झाली. मोटारसायकलवाला साथीदार त्याच्या राज्यात चकमकीत मारला गेल्याचं आम्हाला नंतर कळलं. मला खात्याने लेखी ठपका दिला. पोलीस अधीक्षकांनी तो कागद हातात देताना नजर वर केली नाही, आणि मीही त्याविरुद्ध दाद मागितली नाही.

निकालानंतर मी साध्या कपड्यांत धारूरला गेलो. किल्ल्याच्या उताराखाली शिपायाचं घर होतं. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी मुलाचा टोपीतला फोटो. बाप ओसरीवर सुतळी वळत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. पुंगळी आली तो दिवस, नोंद घेऊ का असं त्याच्या मुलाने विचारलं ते, आणि मी काय उत्तर दिलं ते.

त्याचे हात थांबले नाहीत. सुतळी संपल्यावर त्याने विचारलं, “कावून सांगायला आलात, साहेब?”

“तुम्हाला माहीत असावं म्हणून.”

“मला म्हायती होऊन काय व्हनार?” त्याने आत पाहिलं आणि आवाज खाली घेतला. “सांगितलं ते ठीक झालं. त्याच्या मायला मात्र सांगू नका. पोराचा ड्रेस ती अजून धुती, इस्त्री करून घडी घालती. पोलीस खात्याबद्दल कुनी वंगाळ बोललं तर भांडती. तिच्याजवळ तेवढंच उरलंय. ते नेऊ नका.”

मी उठणार तोच आई बाहेर आली. तिने मला ओळखलं आणि जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पिठलं-भाकरी वाढताना ती मुलाबद्दल बोलत होती. “लई नाव काडायचा तुमचं. म्हनायचा, आई, आमचे साहेब गरिबाचं समदं ऐकून घेत्यात.”

बाप माझ्यासमोर बसला होता. त्याने मान खाली घातली आणि भाकरी मोडत राहिला. मी ताटातलं सगळं संपवलं, कारण टाकलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.

त्यानंतर माझी सतरा वर्षं नोकरी झाली. प्रशिक्षणाला नवे उपनिरीक्षक यायचे, तेव्हा मी त्यांना सांगायचो की ठाण्यात आलेल्या माणसाचं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय फोनही उचलू नका. ते मान डोलवायचे. मला ठाऊक असायचं की त्यांना ही एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याची खोड वाटते आहे. का सांगतो आहे ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. ते त्या माउलीच्या कानावर जाऊ नये, असं तिच्या नवऱ्याने मागितलं होतं. गेल्या पौषात ती वारली, म्हणून आता हे लिहिलं.